वाहन बेडूक, पण पाऊस किती?

मे महिना संपत आला की आपल्या मानवतच्या बाजारात बी-बियाण्यांच्या दुकानांपुढे गर्दी होऊ लागते. सरकी कोणती घ्यावी, सोयाबीन किती पेरावे, तूर कुठे घालावी, अशी चर्चा चालते आणि तिच्यात एक प्रश्न हमखास येतो : "यंदा मृगाचे वाहन काय?" कोणीतरी पंचांग उघडतो आणि सांगतो, "बेडूक." लगेच चेहरे खुलतात. बेडूक, म्हैस किंवा हत्ती हे वाहन असले म्हणजे पाऊस भरपूर, असा समज घरोघरी आहे. "आमचा अनुभव आहे," असे वडीलधारी मंडळी सांगतात.

या अनुभवाला हसण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. पावसावर ज्याचे वर्ष अवलंबून आहे, तो माणूस मिळेल त्या खुणेचा आधार घेणारच. माझे म्हणणे एवढेच आहे की अनुभव हा मोजला गेला पाहिजे. दोन गोष्टींचा खरोखर संबंध आहे, की तो नुसता भासतो आहे, हे ओळखण्याची एक साधी रीत आहे. ती शाळेतच शिकवली पाहिजे आणि आठवी-नववीतल्या कोणालाही ती जमते, असे माझे मत आहे.

वाहन ठरते कसे?

सूर्य एका नक्षत्रात साधारणपणे तेरा-चौदा दिवस असतो. ७-८ जूनच्या सुमारास तो मृग नक्षत्रात प्रवेश करतो. पुढे आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा आणि हस्त अशी पावसाळी नक्षत्रे येतात. सूर्याच्या प्रवेशाच्या वेळी चंद्र कोणत्या नक्षत्रात आहे ते पाहतात, दोहोंमधील अंतर नक्षत्रांत मोजतात आणि त्या संख्येला नऊने भागतात. जी बाकी उरेल तिच्यावरून वाहन ठरते. हत्ती, घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस आणि गाढव अशी ही नऊ वाहने.

आता विचार करा. या गणितात समुद्राचे तापमान नाही, वारा नाही, हवेचा दाब नाही. इतकेच काय, गावाचे नावही नाही. म्हणून एखाद्या नक्षत्राचे वाहन बेडूक असले तर ते महाबळेश्वरलाही बेडूक आणि मानवतलाही बेडूकच. महाबळेश्वरचा पाऊस आणि आपला पाऊस यांत किती अंतर आहे, हे तुम्ही भूगोलात शिकलाच आहात.

"पण हे झाले तर्काचे. प्रत्यक्षात तसा पाऊस पडतो ना?" असे कोणी विचारील. विज्ञानात हा प्रश्न योग्यच आहे. कारण समजले नाही म्हणून संबंध नाही, असे म्हणता येत नाही. तेव्हा आपण मोजूनच पाहू. मात्र मोजण्यापूर्वी आपले मन कसे मोजते, हे पाहणे जरूर आहे.

मनाची वही

लॉरेन चॅपमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याने लोकांना शब्दांच्या जोड्या एकापाठोपाठ एक दाखवल्या. प्रत्येक जोडी सारख्याच वेळा येईल अशी व्यवस्था केलेली होती. तरीही 'सिंह' आणि 'वाघ' यांसारखे मुळातच जवळचे वाटणारे शब्द एकत्र जास्त वेळा आले, असे लोकांनी सांगितले. डोळ्यांपुढे सारखेच घडले होते. मनाने मात्र वेगळे मोजले. चॅपमनने याला दिलेल्या नावाचा अर्थ आपण 'भासमान सहसंबंध' असा करू.

बेडूक आणि पाऊस ही जोडी सिंह आणि वाघ यांच्यासारखीच आहे. पाऊस आला की बेडूक ओरडतात, म्हैस पाण्यात डुंबते. म्हणून वाहन बेडूक आणि पाऊस धो धो, असे वर्ष पक्के लक्षात राहते. वाहन बेडूक आणि आभाळ कोरडे, हे वर्ष "यंदा काही खरे नाही" म्हणून विसरले जाते. वाहन कोल्हा असताना ओढ्याला पूर आला, तर त्या वेळी वाहन काय होते हे विचारायलाच कोणी जात नाही.

ही गोष्ट केवळ शेतकऱ्यांची नाही. परीक्षेच्या दिवशी दहीसाखर खाल्ली आणि पेपर सोपा गेला, की ते दही लक्षात राहते. दहीसाखर खाऊनही ज्यांचा पेपर अवघड गेला त्यांची गणती कोण करतो? हवा पालटली की सांधे दुखतात, हा समज जगभर आहे. रेडेलमायर आणि ट्व्हर्स्की या संशोधकांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात संधिवाताच्या १८ रुग्णांच्या वेदना १५ महिने नोंदवून हवामानाशी ताडून पाहिल्या. रुग्णांची खात्री दांडगी होती. आकड्यांत संबंध सापडला नाही.

चार चौकटी

मनाची वही अशी एकतर्फी असते. म्हणून कागदाची वही हवी. तीत चार चौकटी आखा :

पहिली : वाहन पावसाचे, आणि पाऊस पुरेसा.
दुसरी : वाहन पावसाचे, पण पाऊस अपुरा.
तिसरी : वाहन दुसरे, तरी पाऊस पुरेसा.
चौथी : वाहन दुसरे, आणि पाऊस अपुरा.

बाजारातल्या गप्पांत फक्त पहिली चौकट भरली जाते. उरलेल्या तीन रिकाम्याच राहतात.

समजा, एका गावाने दहा वर्षे नोंद ठेवली. वर्षाला नऊ नक्षत्रे धरली तर एकूण ९० नक्षत्रे झाली. त्यांपैकी ३० नक्षत्रांत वाहन बेडूक, म्हैस किंवा हत्ती होते आणि ६० नक्षत्रांत इतर. (हे आकडे केवळ रीत समजावी म्हणून घेतले आहेत.) पावसाच्या वाहनांपैकी १८ वेळा पाऊस पुरेसा झाला. "तिसांत अठरा वेळा खरे ठरले!" असे कोणीही म्हणेल. पण आता तिसऱ्या चौकटीत पाहा. इतर वाहनांच्या ६० नक्षत्रांत ३६ वेळा पाऊस पुरेसा झाला होता. १८ ला ३० ने भागा, ३६ ला ६० ने भागा. दोन्हीकडे उत्तर ६० टक्केच! वाहन कोणतेही असो, पाऊस दहांत सहा वेळा पुरेसा होतच होता. अठरा खऱ्या ठरलेल्या भाकितांनी वाहनाविषयी काहीच सांगितले नाही.

येथे एक सावधगिरी हवी. 'पुरेसा' म्हणजे किती मिलिमीटर, हे आधी लिहून ठेवायचे; पाऊस पडल्यावर नव्हे. शिवाय पुष्य नक्षत्र ऐन जुलैत येते आणि हस्त सप्टेंबरच्या अखेरीस. दोहोंचा पाऊस मुळातच वेगळा. म्हणून प्रत्येक नक्षत्राचा पाऊस त्याच नक्षत्राच्या सरासरीशी ताडावा, नाहीतर ऋतूचे श्रेय वाहनाला जाईल.

योगायोगाची पट्टी

आता समजा, आकडे इतके नेमके सारखे आले नाहीत. पावसाच्या वाहनांच्या ३० नक्षत्रांत १८ ऐवजी २० वेळा पाऊस पुरेसा झाला आणि इतर ६० नक्षत्रांत ३४ वेळा. म्हणजे एकीकडे सुमारे ६७ टक्के, दुसरीकडे ५७. दहा टक्क्यांचा फरक! हा संबंध मानायचा का?

उत्तर शोधण्यासाठी ९० चिठ्ठ्या करा. ५४ चिठ्ठ्यांवर 'पुरेसा' लिहा, ३६ वर 'अपुरा'. एका डब्यात घालून चांगल्या हलवा आणि न पाहता ३० चिठ्ठ्या काढा. 'पुरेसा' किती आल्या, ते लिहून ठेवा. चिठ्ठ्या परत घालून पुन्हा काढा. वर्गातल्या पन्नास मुलांनी दोन-दोन वेळा काढल्या तर शंभर प्रयोग होतील. या चिठ्ठ्यांना ना बेडूक ठाऊक, ना म्हैस. तरीही प्रत्येक वेळी नेमक्या १८ येणार नाहीत. कधी १६, कधी १९, कधी २१ येतील. २० किंवा त्याहून अधिक येण्याचे प्रसंग शंभरात सुमारे पंचवीस असतील, म्हणजे चारांत एकदा! नुसता योगायोग जे काम चारांत एकदा करतो, त्याचे श्रेय वाहनाला कसे द्यावे?

याउलट २३ किंवा अधिक येण्याचा प्रसंग शंभरात दोनच्या आसपास येतो. प्रत्यक्ष नोंदीत २३ आले, तर मात्र कान टवकारले पाहिजेत. 'निव्वळ योगायोगाने असे क्वचितच घडते' या निष्कर्षाला संख्याशास्त्रात 'सार्थकता' म्हणतात. शंभरात पाच ही मर्यादा धरण्याचा प्रघात रोनाल्ड फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाच्या १९२५ च्या पुस्तकामुळे रूढ झाला. फिशर तेव्हा रोथमस्टेडच्या शेतकी संशोधन केंद्रात काम करीत होता. खताने पीक वाढले, की त्या तुकड्यातील मातीच चांगली होती, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. म्हणजे ही पट्टी शेतातच तयार झालेली आहे.

या पट्टीचा अर्थ मात्र नीट समजून घ्या. २३ आले म्हणजे वाहनाचा गुण ९८ टक्के सिद्ध झाला, असे नव्हे. एवढेच कळले की हा निकाल नुसत्या योगायोगाने येणे अवघड आहे. पुन्हा नव्या वर्षांच्या नोंदी घेऊन तपासणे योग्य ठरेल. तसेच नऊ वाहने, चार महिने, दहा गावे असे निरनिराळे जोड तपासत बसलात, तर कुठेतरी 'सार्थक' निकाल येणारच. ज्यांत काहीही संबंध नाही असे २० जोड स्वतंत्रपणे तपासले, तर निदान एक तरी या पट्टीवर उतरण्याची शक्यता ६४ टक्के आहे. म्हणून सापडलेला एक जोड दाखवताना न सापडलेले किती होते, हेही सांगितले पाहिजे.

पुण्यातील एक चाचणी

ही रीत महाराष्ट्रात मोठ्या प्रमाणावर वापरली गेल्याचे एक उत्तम उदाहरण आहे. २००८ मध्ये ज्येष्ठ खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ प्रा. सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार विद्यार्थी आणि शंभर बौद्धिकदृष्ट्या दिव्यांग मुले यांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतील ४० कुंडल्या देऊन 'हे मूल कोणत्या गटातले?' एवढेच विचारले. नाणे उडवून उत्तर दिले तरी ४० पैकी सरासरी २० बरोबर येतील. म्हणून २८ किंवा अधिक बरोबर आल्यास त्याची दखल घ्यावी, असे आधीच ठरवले होते. नाणे उडवून २८ गाठण्याची शक्यता शंभरात एकाहूनही थोडी कमी आहे.

५१ ज्योतिषांनी कुंडल्या मागवल्या, २७ जणांनी उत्तरे पाठवली. सर्वांत चांगला निकाल होता २४. एकाने २४ बरोबर सांगितली हे ऐकायला चांगले वाटते. पण गणित करून पाहा : २७ जणांनी नुसती नाणी उडवली असती, तरी त्यांतील तीन-चार जण २४ किंवा त्यापुढे गेले असते. एका संस्थेने २०० च्या २०० कुंडल्या पाहिल्या. तिची १०२ उत्तरे बरोबर आली, म्हणजे जवळजवळ निम्मी.

या चाचणीत मला सर्वांत आवडलेली गोष्ट निकालाची नव्हे. तिच्यात कोणाची टर उडवली नाही. नियम आधी जाहीर केला, संधी सर्वांना सारखी दिली आणि मग मोजले. विज्ञानाची भांडणे अशीच मिटवायची असतात.

शास्त्रज्ञांनाही तीच पट्टी

ही पट्टी केवळ पंचांगाला लावायची आणि प्रयोगशाळेला सूट द्यायची, असे करणे अप्रामाणिकपणाचे होईल. सर गिल्बर्ट वॉकर हे गणितज्ञ १९०४ ते १९२४ या काळात भारताच्या हवामान खात्याचे प्रमुख होते. मॉन्सूनचे भाकीत करण्यासाठी त्यांनी जगभरच्या दाब, तापमान व पावसाच्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहिल्या. असे असंख्य जोड तपासले की काही जोड योगायोगानेच जुळणार, हा धोका त्यांनी ओळखला आणि १९१४ मध्येच त्याबद्दल इशारा दिला : जितके जोड तपासाल तितकी कसोटी कडक करा. या कडक चाळणीतून जे टिकले त्यात एक मोठे सत्य होते. प्रशांत महासागरावरील दाब वाढला की हिंदी महासागराच्या बाजूचा दाब उतरतो आणि उलटही होते. याच दक्षिणी आंदोलनाचा एल निनोशी असलेला संबंध पुढे १९६९ मध्ये बेर्कनेस यांनी स्पष्ट केला. खरा संबंध असा पुन्हा पुन्हा तपासूनही टिकतो आणि शेवटी त्याचे कारणही सापडते.

दुसरे उदाहरण अलीकडचे आहे. डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांवर आधारलेले मॉन्सूनचे प्रतिमान तयार केले आणि १९८८ पासून हवामान खाते ते वापरू लागले. १९८९ ते २००१ ही सलग तेरा वर्षे देशाचा पाऊस खात्याच्या व्याख्येप्रमाणे सर्वसाधारण राहिला आणि भाकितेही खरी ठरत गेली. मग २००२ साल आले. भाकीत होते सरासरीच्या १०१ टक्के. पडला ८१ टक्के. जुलै महिना तर जवळजवळ निम्म्या पावसावर गेला. काही घटकांचा पावसाशी असलेला संबंध काळाच्या ओघात क्षीण झाल्याचे आढळले आणि २००३ मध्ये नवी, कमी घटकांची प्रतिमाने आली.

येथे चार चौकटी पुन्हा आठवा. सर्वच वर्षे सर्वसाधारण असतील, तर 'यंदा सर्वसाधारण' असे सांगणारा कोणीही बरोबर ठरतो. प्रतिमानाची खरी परीक्षा दुष्काळाच्या वर्षीच होते. पण दोन्ही गोष्टींतला फरकही लक्षात घ्या. भाकीत आकड्यांत सांगितले होते, म्हणून ते चुकले हे सर्वांना दिसले. आणि चुकले म्हणून ते बदलले गेले. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला बुलढाणा जिल्ह्यात भेंडवळला घटमांडणी होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे भाकीत सांगतात. त्यातील 'साधारण', 'कमी-जास्त', 'लहरी' अशा शब्दांना मिलिमीटरची बांधणी नसते. जे चुकूच शकत नाही ते सुधारूही शकत नाही.

यात आपले काय जाते?

"मानले वाहन, तर बिघडले काय?" असे तुम्ही विचाराल. बिघडते ते पेरणीत. पहिल्या सरीवर विसंबून, वाहनावर भरवसा ठेवून बी जमिनीत गेले आणि पुढे पावसाने ताण दिला, तर दुबार पेरणी करावी लागते. बियाणे, खत, मजुरी, सगळे दुप्पट. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा सल्ला असा की ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नये. हा सल्ला जमिनीत मुरलेल्या ओलाव्यावर आधारलेला आहे आणि पर्जन्यमापक असलेल्या कोणालाही तो पाळता येतो.

आणि काही वेळा याहून फार मोठे मोल द्यावे लागते. १९७२ ते १९७४ या काळात आपल्या गावाचे नाव देशभर पोचले, ते कापसामुळे नव्हे. लहान मुली व स्त्रियांचे एकापाठोपाठ एक खून झाले आणि त्यांमागे गुप्तधनासाठी बळी देण्याची समजूत असल्याचे तपासात पुढे आले. तुमच्या वयाच्या वाचकांपुढे हा विषय नेमका का काढतो, ते सांगतो. बळीने धन मिळते, या समजुतीच्या पहिल्या चौकटीत एकही नोंद नव्हती. पण फळ आले नाही की 'विधीत काही उणे राहिले' असे म्हणायची सोय अशा समजुतीत असते. आणि मग अपयश हे समजूत सोडण्याचे कारण न होता तोच प्रकार पुन्हा करण्याचे कारण होते. महाराष्ट्रात २०१३ मध्ये नरबळी व जादूटोणाविरोधी कायदा झाला. तो आवश्यकच होता. परंतु कायदा गुन्ह्यानंतर येतो. मोजण्याची सवय त्याआधी येऊ शकते.

करून पाहा

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. संख्याशास्त्र म्हणजे मध्य, मध्यक आणि बहुलक काढणे एवढ्यावर थांबू नका. शाळेत पर्जन्यमापक ठेवा. तो नसेल तर सरळ भिंतींचा, तोंड व तळ सारख्याच रुंदीचा डबा उघड्या जागी ठेवला आणि साठलेल्या पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजली, तरी चालेल. हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला नोंद घ्या. २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस झाला तर तो 'पावसाचा दिवस' धरतात.

विद्यार्थी मित्रहो, वहीच्या पहिल्या पानावर ६ जूनपूर्वीच तीन गोष्टी लिहा : कोणती वाहने पावसाची मानणार, पुरेसा पाऊस म्हणजे किती, आणि किती वर्षे नोंद करणार. नंतर त्यांत बदल करायचा नाही. जुन्या वर्षांच्या नोंदी मिळाल्या तर निकाल लवकर लागेल. पण त्या पाहण्याआधी नियम लिहिलेला हवा. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही यात घ्या. "तुमचे खोटे आहे" असे म्हणू नका. "आजोबा, आपण दोघे मिळून मोजू या" असे म्हणा. त्यांच्याजवळ खुणांचा मोठा साठा असतो : मुंग्यांची, पक्ष्यांची, वाऱ्याची. त्यांतील एखादी खूण चार चौकटींत टिकलीही, तर तो शोध तुमच्या दोघांचा असेल.

निकाल काय लागेल, याची मला जितकी कल्पना आहे तितकी तुम्हालाही असेल. तरीही माझ्या शब्दावर विसंबू नका. तुमच्या वहीत चारही चौकटी भरलेल्या असोत आणि आकडे काढताना डब्यातल्या चिठ्ठ्या हाताशी असोत. मग वाहन बेडूक असो की कोल्हा, पाऊस किती झाला हे सांगताना तुम्हाला कोणाची साक्ष काढावी लागणार नाही.